घाट उतरण्याआधी ब्रेक घरीच कसे तपासता? (वणीच्या घाटातला अनुभव)

घाटवाट

मागच्या रविवारी आई-बाबांना घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो होतो. दर्शन छान झालं, ट्रॉलीमुळे आईच्या गुडघ्यांनाही त्रास झाला नाही. चारच्या सुमारास उतरायला लागलो. गडावरून नांदुरीपर्यंत दहाएक किलोमीटरचा घाट. पुढे माणसांनी भरलेली जीप, मागे बस. मी तिसऱ्या गिअरमध्ये आणि पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. अर्ध्याहून जास्त घाट उतरल्यावर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या जीपचा असेल. पण पुढच्या वळणावर पेडल नेहमीपेक्षा बोटभर जास्त खाली गेलं आणि त्याच्या पुढच्या वळणावर आणखी खाली. ओल्या गादीवर पाय दिल्यासारखं वाटत होतं.

दुसरा गिअर टाकला, मग पहिला. पेडल भराभर चारपाच वेळा दाबलं तेव्हा थोडा जोर आला. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवली. मागच्या बसच्या चालकाने वेळेवर ओळखलं आणि अंतर ठेवलं, त्याचे आभार मानावे तेवढे थोडे. पाऊण तास थांबलो. नंतर पेडल दाबून पाहिलं तर एकदम घट्ट, जणू काही झालंच नव्हतं! मी जास्त घाबरलो ते तेव्हा. कारण त्याआधी रोज नाशिकमध्ये सिडको ते कॉलेज रोड जाता-येता हेच घट्ट पेडल मला "सगळं ठीक आहे" असं सांगत होतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकने बोनेट उघडून ब्रेक ऑइलचा डबा दाखवला. ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. गाडीला सहा वर्षं झाली आहेत. दरवर्षी सर्व्हिसिंग केलं, सगळी बिलं जपून ठेवली. घरी येऊन ती काढली तर प्रत्येक बिलावर "ब्रेक तपासले" अशी खूण आहे, पण ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद एकाही बिलावर नाही. कुठलं सर्व्हिस सेंटर ते लिहीत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून ठरवलं की निदान तपासणी तरी स्वतः शिकायची. गेल्या आठवड्यात चाक न काढता जे जमलं ते लिहितो, जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

एक, ऑइलची पातळी. डबा पांढरा, अर्धपारदर्शक असतो. त्यावर वरची आणि खालची अशा दोन रेघा असतात. गाडी सपाट जागेवर उभी करून बाहेरूनच पाहायचं, झाकण उघडायचं नाही.

दोन, बूस्टर, म्हणजे इंजिनच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग. इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबायचं. ते दगडासारखं घट्ट होतं. मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी सुरू करायची. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर किंवा त्याच्या नळीत बिघाड आहे.

तीन, इंजिन चालू असताना पेडल मध्यम जोराने अर्धा-एक मिनिट दाबून धरायचं. ते एका जागी थांबलं पाहिजे. सावकाश खाली खाली जात राहिलं तर कुठे तरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचं (पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणारा भाग) आतलं रबर गेलंय.

चार, हँडब्रेक. किती टकटक आवाज होतात ते मोजायचे आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहायचे. माझे नऊ झाले, पुस्तिकेत त्याहून बरेच कमी आहेत.

हे बरोबर आहे का? आणि चाक काढून पाहायचं तर सुरुवात कुठून करावी?

देवळालीची_पाऊलवाट

वाचताना पोटात गोळा आला. सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

माझा प्रश्न ऑइलच्या पातळीबद्दल आहे. मी देवळाली कॅम्पहून रोज अंबडला नोकरीसाठी जाते, गाडी मीच चालवते. दोन महिन्यांपूर्वी डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, गोलात उद्गारचिन्ह असलेला. हँडब्रेक तर सोडलेला होता. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने डबा पाहून "ऑइल कमी झालंय" म्हणत वरच्या रेघेपर्यंत भरून दिलं. दिवा गेला. पन्नास रुपये घेतले आणि मी निघाले. हे योग्य झालं ना?

सातपूरचे_नाना

दोघांनाही एकत्रच उत्तर देतो. माझं आयुष्य सातपूरला कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेलं, हायड्रॉलिक यंत्रांवर. निवृत्तीनंतर घरातल्या तिन्ही गाड्यांचे ब्रेक मीच पाहतो.

ताई, आधी तुमचं. योग्य झालं नाही, आणि हे सगळ्यांनी नीट समजून घ्या. ब्रेक ऑइल हे इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ती बंद यंत्रणा आहे. डब्यातली पातळी दोनच कारणांनी उतरते. पहिलं कारण पॅड झिजणं. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला (लोखंडी तबकडीला) दोन्ही बाजूंनी घासणारे तुकडे, आणि कॅलिपर म्हणजे त्यांना डिस्कवर दाबणारा चिमटा. पॅड पातळ झाले की कॅलिपरमधला पिस्टन तेवढा बाहेर येऊन थांबतो, त्याच्या मागे जी जागा होते तिथे ऑइल जातं आणि डब्यात तेवढं कमी दिसतं. दुसरं कारण गळती. म्हणजे तो लाल दिवा तुम्हाला सांगत होता की एकतर पॅड संपत आले आहेत, नाहीतर कुठून तरी ऑइल जातंय. वरून भरून त्याचं तोंड बंद केलं गेलं. दोन महिने झाले म्हणता. या आठवड्यातच चारही चाकं उघडून बघून घ्या. तोवर रोज सकाळी निघण्याआधी डबा पाहा, आणि गाडी उभी असते तिथे चाकांच्या आतल्या बाजूला जमिनीवर ओल दिसते का तेही पाहा. पातळी पुन्हा उतरली तर गाडी रस्त्यावर काढू नका.

शिवाय वरपर्यंत भरलेलं असताना नवे पॅड टाकले, की पिस्टन मागे ढकलताना तेच ऑइल डब्यातून बाहेर सांडतं. ते रंग खातं. सांडलंच तर पुसत बसू नका, ताबडतोब भरपूर पाणी ओता.

आता घाटवाट, तुमचं. तपासणी चारही बरोबर. पण घाटात नेमकं काय झालं ते कळलं तर ऑइल बदलायचा आळस कोणी करणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

माणसांसकट १२०० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा साधारण पावणेचार लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. गिअरने गाडी रोखली तर त्यातली बरीचशी इंजिन घेतं. नाही रोखली तर जवळजवळ सगळी पुढच्या दोन डिस्कमध्ये जाते. घाट शेकडो मीटरचा असेल तर पातेल्यांचा हिशेब तुम्हीच करा. ही उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून ऑइलला पोचते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. रबरी होजमधून (नळीतून), डब्याच्या झाकणातून ओल हळूहळू आत जाते. डॉट ४ प्रतीचं नवं कोरं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ असेल तर २०५ वरून १४० वर. आता बघा, द्रव दाबला तर दबत नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण कॅलिपरपाशी ऑइल उकळून वाफ झाली, की वाफ दबते. तुमचा पाय वाफ दाबत होता, पॅड नव्हे. पाऊण तासात गार झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव झाला आणि पेडल घट्ट झालं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये अशा गाडीची नुसती चाचणी घेतली तर दोष सापडत नाही. रोज कॉलेज रोडला जाताना तर ऑइल कधी तेवढं तापतच नाही.

जळका वास पॅडचा. पॅड अति तापले तरी पकड कमी होते, पण तेव्हा पेडल घट्टच राहतं आणि गाडी थांबत नाही. तुमचं पेडल मऊ झालं, म्हणजे ऑइलचंच.

दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी कमी चालली असली तरी. ओल किलोमीटर मोजत नाही. आणि सील फोडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, तिच्यातही ओल जाते.

निफाडचा_द्राक्षमळा

नाना, लय भारी समजावलं. आमच्याकडची गोष्ट सांगतो. छाटणीपासून माल निघेपर्यंत गाडी रोज मळ्यातून. पावसाळ्यात चाकं निम्मी चिखलात. मागे डिस्कऐवजी ड्रम आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डबी आणि तिला आतून घासणारे शू. त्यात गाळ जाऊन बसतो. मागच्या वर्षी चार दिवस लग्नाला गेलो, गाडी हँडब्रेक ओढून पावसात उभी. आल्यावर गाडी हलेना. पहिल्या गिअरमध्ये रेस दिली तर मागून धाडकन आवाज आला आणि सुटली. पुढचे आठ दिवस मागच्या डाव्या चाकाचा खर्रखर्र आवाज. ड्रम उघडला तर एका शूचं लायनर (घासणारा थर) पत्र्यापासून सुटून आत फिरत होतं.

तेव्हापासून पावसाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त उभी करायची असली तर सपाट जागा बघून पहिल्या गिअरमध्ये ठेवतो, चाकाला पुढून-मागून वीट लावतो, हँडब्रेक ओढत नाही. माल संपला की ड्रम उघडून साफ करून घेतो.

एक विचारायचं होतं. ड्रम हाताने निघत नाही, हातोडा मारावा का?

सातपूरचे_नाना

हातोड्याने कडा फुटते. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात. त्यात योग्य मापाचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करत गेलात की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. हँडब्रेक सोडलेला हवा, पुढच्या चाकांना विटा. गंज फार असेल तर बोल्टवर जोर देण्याआधी ड्रमच्या मधल्या भागावर लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या.

ड्रम उघडलाच आहे तर व्हील सिलिंडरच्या (शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या) दोन्ही टोकांची रबरी टोपी बोटाने जरा उचलून पाहा. आत ओलं लागलं तर सिलिंडर गळतोय. लायनरला ऑइल लागलं असेल तर ते धुऊन वापरू नका, त्याची पकड परत येत नाही. त्या आसावरचे दोन्ही चाकांचे लायनर बदला.

आणि गाळ, काळी भुकटी फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात बसतं. ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ब्रेक क्लीनरने धुवा, नाकावर मास्क बांधून.

घाटवाट

नाना, मनापासून आभार. ऑइल परवाच बदलून घेतलं, स्वतः उभा राहून. सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली, चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढलं. खर्च बाहेर एक वेळ जेवण्यापेक्षा कमी झाला.

आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुढचं चाक काढलं. पहिलीच वेळ. नट आधी जमिनीवरच थोडे सैल केले, कारण चाक वर उचललं की ते पान्ह्याबरोबर फिरतं. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर, मागच्या चाकांना विटा. मग जॅक. चाक काढलं आणि ते गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं, म्हणजे जॅक घसरला तरी गाडी थेट जमिनीवर येणार नाही.

स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवलं तर कॅलिपर समोर आला. बाहेरचा पॅड लगेच दिसतो. आतला बघायला मोबाईलचा दिवा आणि मान वाकडी करावी लागली. बाहेरचा साधारण ५ मिलिमीटर, आतलाही तेवढाच. डिस्कवरून नख फिरवलं तर अगदी कडेला एक वरंबा लागला. तो किती चालतो?

सातपूरचे_नाना

कडेचा वरंबा म्हणजे पॅड जिथे पोचत नाही तिथली न झिजलेली मूळ जाडी. तो असणारच. वरंब्यापेक्षा डिस्कची उरलेली जाडी मोजा. किती खाली जाऊ द्यायची ती किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मधल्या भागावर किंवा कडेला. गंज घासून काढला की वाचता येते. साध्या व्हर्निअरचे जबडे त्या वरंब्यावर टेकतात आणि माप जास्त दाखवतं, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा.

पॅडचं म्हणाल तर नव्यावर साधारण १० मिलिमीटर मसाला, म्हणजे घासला जाणारा थर, असतो. ३ च्या आत आला की बदलायचे. मागची लोखंडी पट्टी मोजायची नाही, फक्त मसाला. काही पॅडना एक पातळ पत्री जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला घासून किर्र आवाज करते. तो आवाज ब्रेक दाबल्यावर कमी-जास्त होतो. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकना येणारी खरखर वेगळी. रात्रीतून डिस्कवर नारिंगी गंज चढतो तो घासला जातो, त्याची काळजी नको.

चाक गाडीखाली सरकवलंत ते चांगलं केलंत. पण गाडीसोबत येणारा जॅक हा पंक्चर झालेलं चाक बदलण्यापुरताच. त्यावर उचललेल्या गाडीखाली डोकं, हात काहीही घालायचं नाही. पुढे हे नेहमी करणार असाल तर जॅक स्टँडची (उचललेल्या गाडीखाली लावायच्या पक्क्या टेकूंची) जोडी घ्या. माझ्या डोळ्यांदेखत कारखान्यात जॅक घसरलेला आहे. नशिबाने माणूस बाहेर होता.

पाथर्डी_फाटा

मी दोन वर्षांपासून ऑइलही घरीच बदलतो. पारदर्शक नळी, प्लास्टिकची बाटली आणि पेडल दाबायला बायको. ती दाबून धरते, मी निपल (चाकापाशी ऑइल काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करतो, बुडबुडे आणि जुनं ऑइल येतं, निपल बंद करतो, मग ती पाय उचलते. हा क्रम चुकला, म्हणजे निपल उघडं असताना पाय उचलला, की हवा परत आत ओढली जाते. मी डब्यापासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करतो, म्हणजे मागचं डावं. माझ्या मते प्रत्येकाने हे शिकावं, अवघड काही नाही.

सातपूरचे_नाना

पद्धत तुमची बरोबर आहे. पण "प्रत्येकाने" याला माझा विरोध आहे. तपासणी प्रत्येकाने करावी. ब्रेकची यंत्रणा उघडणं ही पुढची पायरी, आणि ती पहिल्यांदा जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच करावी.

कारण सांगतो. काम करताना डब्यातलं ऑइल संपलं आणि हवा ओढली गेली तर ती एबीएसच्या (जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये जाऊन अडकू शकते. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे आता बहुतेकांच्या गाडीत ते आहे. ती हवा काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनर जोडून आतला पंप चालवावा लागतो, नळी-बाटलीने भागत नाही. चाकांचा क्रमही एबीएसच्या काही गाड्यांत वेगळा असतो, पुस्तिकेत दिलेला असतो तोच धरा. मागे डिस्क असेल तर काही पिस्टन नुसते ढकलून जात नाहीत, फिरवून आत घ्यावे लागतात. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. हे माहीत नसताना जोर लावला तर कॅलिपरच बदलावा लागतो.

पाथर्डी_फाटा

मान्य, नाना. मीही पहिल्या वेळी मामांच्या गॅरेजमध्ये त्यांच्या देखरेखीखाली केलं होतं, ते लिहायला हवं होतं. पातळीचं सांगायचं तर मी दर पाचसहा दाबांनंतर डबा पाहतो आणि भरतो.

गोदाकाठचा_प्रवासी

तपासणीबरोबर चालवण्याबद्दलही बोलायला हवं. मी व्यवसायाने चालक आहे. वणी, सापुतारा, भंडारदरा, पुण्याकडे चंदनापुरी, सगळे घाट नेहमीचे. समृद्धीच्या बोगद्यामुळे मुंबईला जाणाऱ्या पुष्कळ लोकांचा कसारा घाट सुटला, पण बाकीचे घाट आहेत तिथेच आहेत.

जुन्या चालकांचा नियम, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. वणीचा घाट तिसऱ्यात उतरायचा नाही, दुसऱ्यात. ब्रेक सारखा घासत ठेवायचा नाही. वळणाआधी जोराने दाबायचा, वेग उतरला की पाय पूर्ण काढायचा, म्हणजे डिस्कला वारा लागतो. ऑटोमॅटिकवाल्यांनी डी मध्येच उतरू नये, एल किंवा मॅन्युअलमध्ये घ्यावं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, काही जण तर चावी बंद करून उतरतात. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये साठलेला जोर दोनतीन दाबांत संपतो, मग सगळा भार नुसत्या पायावर. स्टिअरिंगही जड होतं. आणि गिअरमध्ये उतरताना पाय अॅक्सिलरेटरवर नसेल तर आताची इंजिनं इंधन जवळपास घेतच नाहीत, त्यामुळे वाचत काहीच नाही.

आणखी एक. घाटाच्या पायथ्याशी थांबून तापलेल्या चाकांवर बादलीने पाणी मारणारे मी दर रविवारी बघतो. तापलेली डिस्क एकदम गार झाली की वाकते, तडकूही शकते. नंतर ब्रेक दाबला की पेडल थरथरतं. थांबा, वारा लागू द्या, तेवढंच.

घाटवाट

दादा, तिसरा गिअर ही माझीच चूक होती. हे वाचून आज पुन्हा कळलं.

देवळालीची_पाऊलवाट

नाना, तुमचं ऐकून शनिवारी चाकं उघडून घेतली. या वेळी बाकावर बसून राहिले नाही, जवळ उभी राहून पाहिलं.

पुढच्या डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड ४ मिलिमीटर. मेकॅनिक म्हणाला "चालतील अजून". मी म्हटलं, आतला दाखवा. कॅलिपर उचलून त्याने आतला पॅड बाहेर काढला तर मसाला जेमतेम १ मिलिमीटर, एका टोकाला लोखंडच दिसत होतं. तो स्वतःच गप्प झाला. उजव्या बाजूला दोन्ही सारखे, ४ च्या आसपास. गळती कुठेही नाही.

हे एकाच बाजूला, आणि तेही फक्त आतून, कसं झालं? गेले काही महिने जोरात ब्रेक मारला की गाडी किंचित उजवीकडे ओढायची, मला वाटायचं रस्त्याचा उतार असेल.

सातपूरचे_नाना

ताई, आतला पॅड दाखवा म्हणालात, तिथेच सगळं आलं.

तुमच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि उलट्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्या पिना सुकल्या, गंजल्या की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड एकटाच काम करतो आणि सोडल्यावरही घासत राहतो. डावं चाक पूर्ण जोराने धरत नव्हतं, उजवं धरत होतं, म्हणून गाडी उजवीकडे जायची.

नुसते पॅड बदलून परत पाठवलं असेल तर वर्षभरात पुन्हा हेच होईल. पिना काढल्या का? हाताने सरकतात का पाहिलं? त्यांची रबरी टोपी फाटलेली होती का?

देवळालीची_पाऊलवाट

एक पिन हातोडी-पकडीने निघाली, गंजून लाल. टोपी फाटलेली. नव्या पिना, नव्या टोप्या बसवल्या आणि पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. डिस्क मोजली, किमान जाडीच्या वर आहे. पिनांना तो साधं ग्रीस लावत होता, ते चालतं का?

सातपूरचे_नाना

नाही. साध्या खनिज तेलाच्या ग्रीसने ती रबरं फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, तेच लागतं. लावलं असेल तर पुसून पुन्हा करायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

देवळालीची_पाऊलवाट

लावून झालं होतं. उद्या सकाळी पुन्हा जाते आणि सिलिकॉन ग्रीस स्वतः घेऊन जाते.

निफाडचा_द्राक्षमळा

ताईंचं वाचून मीही आत्ता उठून पुढची दोन्ही चाकं हाताने तपासली. नाशिकहून आलो होतो, पंचवीस-तीस किलोमीटर. उजवं कोमट, डावं एवढं गरम की रिमजवळ हात नेला तरी झळ लागते. म्हणजे माझीही पिन?

सातपूरचे_नाना

पिन असेल, नाहीतर पिस्टन आत अडकला असेल. जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवा. थोडं घासणं चालतं, पण दोन्ही बाजूंत फरक लगेच कळेल. उद्या मळ्यात नेऊ नका, थेट गॅरेजला. आणि झळ हातानेच पाहायची सवय सगळ्यांनी लावून घ्या, पण रिमला किंवा डिस्कला स्पर्श करायचा नाही, वीतभर अंतरावरून.

घाटवाट

नाना, एक शेवटचं. माझे पॅड ५ मिलिमीटर आहेत, पण त्या दिवशी इतके तापले होते की बदलूनच टाकतोय, रविवारी. मेकॅनिकसोबत मीही हात लावणार आहे. काय लक्षात ठेवू?

सातपूरचे_नाना

कॅलिपर सोडल्यावर तो होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे नेताना डब्याकडे लक्ष. पॅडच्या मसाल्याला तेलकट बोट लावायचं नाही. चाकाचे नट समोरासमोरचे असे आळीपाळीने, टॉर्क पान्हा असेल तर पुस्तिकेतल्या आकड्याला, आणि शंभरएक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

सगळं बसवल्यावर गाडी सुरू करून लगेच हलवू नका. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिले दोनचार दाब पोकळ जातात. पेडल घट्ट होईपर्यंत जागेवरच दाबा, मगच गिअर टाका. माझ्या ओळखीतल्या एकाने हे न करता गाडी थेट पार्किंगच्या भिंतीवर नेली आहे.

मग पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत, मध्यम जोराने, आठदहा वेळा वेग उतरवा. मध्ये दोनेक मिनिटं तशीच चालवून गार होऊ द्या, पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवू नका. त्यानंतरचे दोनतीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा. म्हणजे पुढच्या रविवारी गड नको, त्याच्या पुढच्या रविवारी जा.

घाटवाट

आईने नवस बोललाय, परत जायचंच आहे. त्याच्या पुढच्या रविवारी, दुसऱ्या गिअरमध्ये. उतरल्यावर नांदुरीला थांबून चारही चाकांजवळ हात धरून पाहतो आणि इथे लिहितो.

गोदाकाठचा_प्रवासी

त्या दिवशी मीही सवाऱ्या घेऊन वणीलाच आहे. सकाळी लवकर उतरा, दहानंतर बसची रांग लागते.